ट्रामचे रूळ टाकण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो. गजबजलेल्या रस्त्यातून ट्राम न्यायची म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे रूळ येतात. खरं तर रूळ टाकणं हा त्यातला सोपा भाग. पैसा आणि वेळ खातं ते रस्त्याच्या पोटातलं काम. स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात हे काम दोन टप्प्यांत झालं. पहिला टप्पा फसला, दुसरा जमला. म्हणून आज तिथलंच उदाहरण घेऊ.

पहिल्यांदा ठरलं होतं विमानतळापासून समुद्रकाठच्या न्यूहेवनपर्यंत, साडेचोपन्न कोटी पौंडांत. ३१ मे २०१४ रोजी ट्राम धावली तेव्हा खर्च ७७ कोटी ६० लाखांवर गेला होता, आणि मार्ग मात्र वाटेतच, यॉर्क प्लेसला संपत होता. भांडणं झाली, चौकशी बसली. पण मुळात अडलं कुठे, तर खड्ड्यात. पाणी, गॅस, वीज, टेलिफोन, ड्रेनेज यांच्या लाइनी हलवायचं कंत्राट वेगळं आणि रुळांचं वेगळं. पहिलं लांबलं, दुसऱ्याला जागा मिळेना, आणि दुकानदारांच्या दारात तोच रस्ता पुन्हा खोदला गेला.

लाइनी हलवायच्याच कशाला? कारण रूळ काँक्रीटच्या जाड स्लॅबमध्ये बसतात. उद्या खालची पाण्याची लाइन फुटली, तर ट्राम बंद करून स्लॅब फोडावा लागेल. आता त्या लाइनी शोधायच्या. नकाशे असतात, पण त्यावर विसंबलात तर गेलात. नकाशात लाइन फुटपाथखाली असते, प्रत्यक्षात ती रस्त्याच्या मधोमध निघते. जमिनीखालचं दाखवणारं रडार फिरवतात, तरी शेवटी चाचणीचे खड्डे घ्यावेच लागतात, तेही हाताने; पोकलेनच्या दाताला चालू केबल आणि मेलेली केबल सारखीच. प्रत्येक खड्ड्यात खोली, व्यास, पाइप कशाचा आणि लाइन चालू की बंद, हे टिपायचं. ‘बंद’ हा शेरा ज्याची केबल त्यानेच द्यायचा, मुकादमाने नाही.

पाण्याची नवी लाइन शेजारून टाकून, दाब देऊन, क्लोरीनने धुऊन मगच घरांची कनेक्शनं एकेक करून तिच्यावर घेतात. टेलिफोनची जुनी तांब्याची केबल सर्वांत चिवट. त्यात तारांच्या शेकडो जोड्या, आणि प्रत्येक जोडी हाताने जोडायची. खड्डा दोन दिवसांत होतो, जोडणी आठवडे घेते.

न्यूहेवनच्या वाढीव मार्गाचं काम २०१९ च्या अखेरीस सुरू झालं, तेव्हा पद्धत बदलली. एक तुकडा ताब्यात घ्यायचा, त्यातल्या लाइनी, रूळ, फुटपाथ सगळं उरकायचं आणि मगच रस्ता परत द्यायचा. या मार्गावरच्या लीथ वॉक या रस्त्यावर तेवढ्या काळात वाहतूक एकेरी ठेवली. दुकानदारांचा त्रास काही टळला नाही, पण दोनदा झाला नाही. सुमारे पावणेपाच किलोमीटर, आठ थांबे, २० कोटी ७० लाख पौंड, आणि ७ जून २०२३ ला प्रवासी बसले.

तरी जमिनीने आपला हिसका दाखवलाच. याच मार्गावरच्या कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवर जुन्या चर्चजवळ रस्त्याखाली ३६० हून अधिक माणसांचे अवशेष निघाले. तिथे ब्रश घेतलेल्या पुरातत्त्ववाल्यांचं काम संपेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. पुढे पिलरिगपाशी जुन्या, जमिनीखालच्या दोराने ओढल्या जाणाऱ्या केबल ट्रामची दोर फिरवणारी चाकं सापडली. आपल्याकडेही मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, पण फ्लोरा फाउंटनपाशी खोदल्यावर तिचे रूळ डांबराखाली निघाले. जुन्या गावात खोदायचं तर कामाच्या वेळापत्रकात अशा खोळंब्यांची जागा ठेवावीच लागते.

आता रुळांकडे. रस्त्यातला रूळ रेल्वेसारखा नसतो. त्याच्या डोक्यात चाकाच्या कडेसाठी खाच असते. दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. रूळ आधी चौकटींवर टांगून लेव्हल आणि अंतर जुळवतात, सांधे थर्मिटने, म्हणजे पेटवल्यावर वितळलेलं लोखंड देणाऱ्या भुकटीने, जोडतात, मग काँक्रीट ओततात. ओतायच्या आधी तासभर जास्त मोजमाप केलेलं परवडतं, कारण नंतर चूक काढायला ब्रेकरच लागतो.

रुळाला वरचा भाग सोडून सगळीकडून रबराचं आवरण असतं. ते आवाजासाठी आहे असं लोक समजतात; तेवढंच नाही. ट्राम वरच्या तारेतून ७५० व्होल्ट डीसी घेते आणि करंट रुळांतून सबस्टेशनला परततो. आवरण फाटलं की तो मातीत गळतो, जवळच्या लोखंडी पाइपात शिरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथे पाइप खातो. एक अँपिअर वर्षभर गळला तर नऊ किलोच्या आसपास लोखंड जातं. म्हणून स्लॅब ओतण्याआधी आवरण हात फिरवून तपासायचं.

दुसरी दुखरी जागा रुळाची कड. रूळ आणि काँक्रीट कडक, शेजारचं डांबर मऊ. वरून बस गेली की डांबर दबतं, सांधा उघडतो, पाणी शिरतं, थंडीत गोठून फुगतं. एडिंबराच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर २००९ मध्ये काम झालं आणि रुळाकडेचं डांबर इतकं उखडलं, की २०११ मध्ये रस्ता पुन्हा बंद करावा लागला.

सायकलवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं: खाच टायर पकडते आणि ओला रूळ घसरतो. रूळ जमेल तितका काटकोनात ओलांडा, वळत वळत नाही. काटकोन साधण्याइतकी रुंदी रस्त्यावर ठेवणं हे आखणाऱ्याचं काम, आणि थांब्यापाशी नेमकी तीच कमी पडते.

पहिली ट्राम प्रवाशांविना, रात्री, चालण्याच्या वेगाने नेतात. एडिंबरात मार्च २०२३ मध्ये अशीच नेली. सोबत माणसं पायी चालतात आणि बघत राहतात: वळणावर ट्रामचा मधला भाग खांबाला किती जवळ जातो, थांब्याच्या कडेशी फट किती राहते, वरची तार पँटोग्राफवर, म्हणजे ट्रामच्या टपावरच्या वीज घेणाऱ्या सांगाड्यावर, नीट बसते का. जिथे घासलं तिथे खडूची खूण करायची, आणि सकाळी ती जागा आधी दुरुस्त करायची. नमस्कार.