डोकी किती, तास किती?

श्रोतेहो, नमस्कार. तुमचं कुणी इंग्लंडमध्ये राहत असेल, तर सकाळी आठच्या ठोक्याला जीपीकडे फोन लावायची तिथली धांदल तुमच्या कानावर आली असेल. जीपी म्हणजे तिकडचा फॅमिली डॉक्टर. रुग्ण म्हणतात डॉक्टर कमी झाले, मंत्री म्हणतात वाढले, आणि गंमत म्हणजे दोघंही आकडे दाखवूनच बोलतात. कारण डॉक्टर मोजायचे कसे, हे त्यांच्या करारावर ठरतं. करार बदलला, की आकडा बदलतो.

एप्रिल 2004 पर्यंत तिथे बहुतेक जीपींचा सरकारी आरोग्यसेवेशी स्वतःचा करार असे. करार मोजले की डॉक्टर मोजले गेले. 2004 मध्ये नवा करार आला तो डॉक्टरशी नव्हे, तर अख्ख्या प्रॅक्टिसशी, म्हणजे डॉक्टर मिळून चालवतात त्या दवाखान्याशी. आत कोण किती वेळ बसतं, हा प्रॅक्टिसचा घरचा मामला झाला. आता प्रत्येक प्रॅक्टिस आपल्या डॉक्टरांचे आठवड्याचे तास भरून पाठवते आणि साडेसदतीस तासांना एक पूर्णवेळ डॉक्टर धरतात. लक्षात ठेवा : डोकी वेगळी, तास वेगळे.

आता या मोजणीचा एक किस्सा. 2015 मध्ये आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी 2020 पर्यंत पाच हजार डॉक्टर वाढवायचं वचन दिलं. नेमकी त्याच वर्षी मोजायची पद्धत बदलली, त्यामुळे सप्टेंबर 2015 च्या आधीचा आकडा नंतरच्या आकड्याशेजारी सरळ ठेवता येईना. पुढे 2019 च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने सहा हजारांचं वचन दिलं, मुदत 2025. पण शब्द नीट ऐका. ‘जनरल प्रॅक्टिसमधले डॉक्टर’ वाढवू, असं ते होतं. ‘पूर्ण शिकलेले जीपी’ असं नव्हतं. म्हणजे प्रशिक्षणार्थीही त्यात आले. आणि खरी मेख इथेच आहे. प्रशिक्षणार्थ्याचा पूर्णवेळ करार चाळीस तासांचा असतो. साडेसदतीसच्या मापावर तो भरतो 1.07. म्हणजे शिकाऊ डॉक्टर एकापेक्षा जास्त! तोच डॉक्टर परीक्षा पास होतो आणि आठवड्याला सहा सेशनची पगारी नोकरी धरतो. एक सेशन चार तास दहा मिनिटांचं, नऊ सेशन म्हणजे पूर्णवेळ. सहा सेशन म्हणजे पंचवीस तास, म्हणजे 0.67. आता त्याच्या कामावर दुसऱ्या डॉक्टरची देखरेख लागत नाही, रुग्ण तो एकट्याने तपासतो. देशाला जीपी मिळाला, आणि तक्त्यातून 0.40 डॉक्टर गेला! सप्टेंबर 2015 मध्ये पूर्ण शिकलेले जीपी पूर्णवेळ हिशेबाने 29,364 होते. 2022 मध्ये ते साडेसत्तावीस हजारांच्या आसपास उतरले. प्रशिक्षणार्थी धरून एकूण संख्या मात्र वाढली. तरी सहा हजार काही दिसेनात. नोव्हेंबर 2021 मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी संसदीय समितीपुढे कबूल केलं, की हे वचन पुरं होण्याच्या मार्गावर नाही. मंत्र्याने असं तोंडावर सांगावं, हे आपल्याला विरळाच.

बाकी आपल्याकडे तर तासांचा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, म्हणून नावं कळतात. पण त्यातल्या किती जणांचा दवाखाना संध्याकाळी उघडा असतो, हे त्या वहीत कुठे असणार? असो.

पार्टनर डॉक्टरांचं आणखी वेगळं. ते प्रॅक्टिसचे मालक, त्यांना ठराविक तासांचा नोकरीचा करार नसतो. रात्री नऊला बसून तपासण्यांचे रिपोर्ट वाचले, तर ते तास तक्त्यात येतीलच असं नाही. पार्टनरशिप सोडून कुणी पगारी झाला, की त्याचे तास कागदावर पक्के होतात, आणि बरेचदा कमी दिसतात.

आणखी एक बदल ऑक्टोबर 2024 चा. शेजारशेजारच्या प्रॅक्टिस एकत्र येऊन जे नेटवर्क बनवतात, त्यांना नव्याने पास झालेले जीपी नेमायला 8 कोटी 20 लाख पौंड मिळाले. या डॉक्टरांची नेमणूक नेटवर्कच्या निधीतून, म्हणून त्यांची मोजणी नेटवर्कच्या तक्त्यात. नुसता प्रॅक्टिसचा तक्ता पाहिला, तर प्रशिक्षण संपवून ही मंडळी गायबच झाली असं वाटेल. तेव्हा आकडा पाहताना आधी तक्ता कुठला ते पाहा, प्रशिक्षणार्थी धरलेत का ते पाहा, आणि महिना तोच आहे ना, तेही पाहा. प्रशिक्षणार्थ्यांच्या तुकड्या ऑगस्टमध्ये बदलतात, त्यामुळे जूनची तुलना सप्टेंबरशी केली तर हाती भलतंच काही लागतं. सप्टेंबरशी सप्टेंबरच लावायचा.