पुंटो अबार्थ सांभाळायची असेल तर आधी बेल्ट, मग बीएचपी

नमस्कार मंडळी. मागे उभी आहे ती गाडी बघून निम्मे लोक म्हणतील, अरे, ही तर पुंटो. पुंटोच आहे. फक्त तोंडावर फियाटचा लाल गोल नाही, अबार्थचा विंचू आहे.

2015 च्या ऑक्टोबरमध्ये ही बाजारात आली तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम किंमत होती 9 लाख 95 हजार. ताकद 145 बीएचपी. त्या वेळी याच पैशांत जोरात पळणारी हॅचबॅक म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर यायची पोलो जीटी टीएसआय, आणि तिची ताकद होती 105. गंमत म्हणजे दोन्ही गाड्या पुणे जिल्ह्यातल्याच. पोलो चाकणची आणि ही रांजणगावची. अष्टविनायकाला गेला असाल तर महागणपतीचं दर्शन घेऊन बाहेर पडताना एमआयडीसीचे बोर्ड दिसतात ना, त्याच रांजणगावात फियाटचा कारखाना. आजही तिथून जीप कंपास बाहेर पडते. फियाटचं नाव मात्र आपल्या शोरूममधून 2018-19 च्या सुमारास गेलं ते गेलंच.

विंचू कुठून आला, तेही सांगून टाकतो. कार्लो अबार्थ हा मूळचा व्हिएन्नाचा माणूस, जन्म 1908 चा, नोव्हेंबरचा, म्हणजे रास वृश्चिक. 1949 मध्ये त्याने इटलीत कंपनी काढली आणि आपलीच रास बोनेटवर लावली. साध्या फियाट घ्यायच्या, त्यांना वेगळे सायलेन्सर, वेगळे कार्ब्युरेटर लावायचे आणि मोठ्या गाड्यांना रडवायचं, हा त्याचा धंदा. 1971 मध्ये फियाटने ती कंपनीच विकत घेतली.

आता मुद्द्यावर येऊ. मला रोज विचारलं जातं, "दादा, सेकंडहँड अबार्थ मिळतेय, रिमॅप करून ताकद किती पर्यंत जाईल?" आणि माझा उलट प्रश्न असतो, टायमिंग बेल्ट कधी बदललाय? समोरून उत्तर येत नाही. आजचा व्हिडिओ त्या शांततेवर आहे.

(कॅमेरा बोनेटकडे)

हे बघा, हे 1.4 टी-जेट. 1368 सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, टर्बो. लिनिया टी-जेटमध्ये हेच इंजिन होतं, पण तिथे ताकद 114 च्या आसपास. इथे 145 बीएचपी आणि 212 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारी ओढ. तो टॉर्क साधारण 2000 ते 4000 आरपीएममध्ये मिळतो, आणि चालवताना नेमकं हेच जाणवतं. 2000 च्या खाली गाडी पेंगते. सिग्नलवरून दुसऱ्यात सावकाश निघालात तर वाटेल, यासाठी एवढे पैसे मोजले? मग काटा 2200 ला जातो आणि पुढची चाकं रस्ता ओरबाडायला लागतात. खरंच ओरबाडतात, कारण घसरती गाडी सावरणारं ईएसपी नाही, ताकद एकाच चाकावर वाया जाऊ न देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल नाही, 195 चे टायर आणि सगळी ताकद पुढच्या दोन चाकांना. पावसात दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा चाक जागच्या जागी फिरतं. स्टिअरिंग हायड्रॉलिक, जड आणि बोलकं. शून्य ते शंभर कंपनीच्या म्हणण्यानुसार 8.8 सेकंदांत. आजच्या काही टर्बो एसयूव्हीसुद्धा त्याच्या आसपास पोचतात, मला मान्य आहे. पण कुंभार्ली घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी जे करते ते त्यांना जमत नाही, आणि यावर मी वाद घालणार नाही.

तर बेल्ट. (टॉर्चचा प्रकाश इंजिनच्या उजव्या बाजूला) या प्लास्टिकच्या कव्हरच्या आत रबराचा दातेरी पट्टा आहे. पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारे वरचे कॅमशाफ्ट तो एका तालात फिरवतो. ताल चुकला तर उघडा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकाच जागी भेटतात. मग हेड उतरवा, व्हॉल्व्ह वाकलेले बघा, पार्ट शोधत बसा. आणि लोक काय सांगतात? "गाडी फक्त 38,000 चाललीय हो, बेल्ट नवाच असणार." अहो, रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. 2016 ची गाडी असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर बेल्ट जुनाच धरायचा. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप, तिन्ही एकदम बदला. मजुरी एकदाच लागते. पंप जुना ठेवून बेल्ट नवा टाकला आणि सहा महिन्यांनी पंप गळला, तर सगळं परत उघडायचं.

या गाडीतला दुसरा रबरी शत्रू दिसत नाही, ऐकू येतो. टर्बोकडून थ्रॉटलकडे जाणाऱ्या दाबाच्या हवेला, आपण पाय उचलल्यावर, परत फिरण्यासाठी एक झडप असते. डायव्हर्टर व्हॉल्व्ह. तिच्या आत रबराचा पातळ पडदा असतो. वर्षांनुवर्षं गरम-गार होऊन तो चिरतो. गाडी बंद पडत नाही, दिवाही लागत नाही कधी कधी. फक्त ओढ कमी होते. मालक म्हणतो, पेट्रोलच खराब असेल. तपासायचं कसं? झडप काढा, खालच्या बाजूने पडदा दाबून वर ढकला, व्हॅक्यूमच्या नळीला बोटाने बंद करा आणि सोडा. पडदा जागेवर थांबला पाहिजे. लगेच खाली आला तर फाटलेला आहे. दोन मिनिटांचं काम. हे न करता लोक थेट टर्बो बदलायला निघतात.

आता पार्ट. इथे एक विनोद आहे. डिझेल पुंटोचं 1.3 मल्टिजेट तेच, जे स्विफ्ट डिझेलमध्ये होतं. त्याचे पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात. आणि शौकाची, महागडी, विंचू लावलेली ही पेट्रोल गाडी मात्र पार्टसाठी पोरकी. इंजिनचे बरेच पार्ट लिनिया टी-जेटचे चालतात, बॉडी आणि दरवाज्याचे पुंटोचे चालतात, क्लचसारख्या गोष्टींसाठी कधी कधी इटली-इंग्लंडच्या दुकानांकडे बघावं लागतं. त्यामुळे अबार्थचे जुने मालक डिकीत नाहीतर घरच्या माळ्यावर एक खोकं ठेवतात: बेल्ट किट, प्लग, एक इग्निशन कॉइल, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, टर्बोच्या नळ्या, सस्पेन्शनच्या लोअर आर्मचे रबरी बुश. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते असं. मिळेल तेव्हा घ्या, लागेल तेव्हा नका शोधू.

ऑइलचं थोडक्यात. 5डब्ल्यू-40 फुल सिंथेटिक, वर्षातून एकदा किंवा 10,000 किलोमीटरच्या आत. घाट जोरात चढून वर आलात की लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर इंजिन आयडलवर राहू द्या. टर्बोची दांडी त्या ऑइलवर तरंगत असते. ते तिथेच थांबून जळलं की त्याचा कोळसा होतो.

पेट्रोलबद्दल कॉमेंटमध्ये भांडणं होतात, म्हणून नीट सांगतो. आपल्या पंपांवरचं ई20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो, त्यामुळे टर्बो इंजिनात नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून टकटक होण्याची, भीती त्याने वाढत नाही. दुखणं आहे ते जुन्या नळ्या, ओ-रिंग आणि सील यांचं. ही गाडी ई20 साठी बनवलेलीच नाही. मायलेजही पडतं, कारण लिटरमागे ऊर्जा कमी. म्हणून दर सर्व्हिसला फ्युएल लाइनवर हात फिरवायचा, वास घ्यायचा, चिकट झालेली नळी काढून टाकायची. परवडत असेल तर इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेनचं पेट्रोल, एक्सपी100, टाका. रोज ऑफिसला जाणाऱ्याने तेवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

(खुर्चीवर बसून)

बरं, आता तुमच्या आवडीचा विषय. मॉडिफिकेशन.

रिमॅप म्हणजे काय करतात? इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये किती बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, घ्यायचा, ठिणगी कधी पाडायची, पेट्रोल किती सोडायचं याचे तक्ते असतात. कंपनीने ते खराब पेट्रोल, राजस्थानातला मे महिना आणि बेफिकीर मालक, या तिघांना धरून सावध ठेवलेले असतात. ट्यूनर ती सावधगिरी कमी करतो. याच टी-जेटवर युरोपातल्या ग्रँडे पुंटो अबार्थला कंपनीनेच 155 दिले होते, आणि आपल्याकडचे ट्यूनर 170-180 सांगतात. इंजिनचं मला तितकं भय नाही. पण युरोपातल्या त्या गाडीला सहा गिअरचा वेगळा गिअरबॉक्स होता, आपल्याला पाच गिअरचा मिळालाय. टॉर्क सगळा खालच्या आरपीएमला ओतून घेतलात, तर पहिल्यांदा क्लच हात टेकतो आणि त्याच्यामागे गिअरबॉक्स रांगेत उभा असतो. म्हणून ट्यूनरला सांगायचं, 3000 च्या खाली टॉर्क आवरून धर, वरच्या बाजूला ताकद दे. चांगला ट्यूनर हे ऐकतो. जो फक्त डायनोचा, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनचा, मोठा आकडा दाखवून खूश करतो, त्याच्याकडे जाऊ नका.

आणि डायनोचा आकडा जानेवारीतल्या सकाळचा असतो, हे विसरू नका. एप्रिलमध्ये दुपारी दोनला पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं रांगलात की टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर तापून बसतो. कॉम्प्युटरला गरम हवा कळते, तो ठिणगी मागे घेतो, आणि तुमचे ते विकत घेतलेले पंचवीस घोडे तबेल्यातच राहतात. त्यामुळे मला विचाराल तर या गाडीत मोठा इंटरकूलर आधी, रिमॅप नंतर. आणि दोन्हींच्या आधी बेल्ट. परत एकदा म्हणतो, बेल्ट.

टायर. मूळ साइज 195/55 आर16. बरेच जण 205/50 घालतात, पकड वाढते हे खरं. पण हिशोब करा. साइडवॉल, म्हणजे टायरच्या कडेची उंची, पावणेपाच मिलिमीटरने कमी होते, म्हणजे गाडी तेवढी खाली येते. ही गाडी आधीच साध्या पुंटोपेक्षा खाली आहे. त्यात लोअरिंग स्प्रिंग टाकलेत तर सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरशी रोजची ओळख होईल. टायर घेताना कडेवरचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल असली तरी सेकंडहँड गाडीवरचे असे दगड झालेले टायर आधी काढायचे.

ब्रेक चारही चाकांना डिस्क आहेत. त्यात पहिला खर्च मोठ्या कॅलिपरचा नाही, ब्रेक ऑइलचा. डॉट 4 ऑइल हवेतून पाणी ओढतं, आणि आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात तर भरपूर. दोन वर्षं झाली की बदला. वरंध उतरताना पेडल मऊ लागायला लागलं, तर ते पाणी उकळतंय असं समजा, आणि गिअर खाली घ्या.

एक्झॉस्टबद्दल मी बदनाम होणार आहे. विंचवाचा आवाज छान असतो, मलाही आवडतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगी नसलेला बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. "सगळेच करतात" हे पोलिसांना सांगून बघा. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकणारे तर दर पीयूसीला कुणाची तरी मनधरणी करत फिरतात. आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतरच्या सर्व्हेत निघाला की क्लेम अडकतो. मूळ पार्ट कधीही विकू नका, जपून ठेवा. गाडी विकताना मूळ सायलेन्सर सोबत असलेल्या अबार्थला खरेदीदार पटकन मिळतो.

शेवटी, घ्यायची असेल तर बघायला जाताना काय करायचं. मालकाला आधी सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बोनेटला हात लावा, गार पाहिजे. गार इंजिन सुरू होताना धूर आणि आवाज, दोन्ही खरं बोलतात. इंटरकूलरची नळी हाताने पुसा. तेलाचा हलका ओलावा चालतो, थेंब गळत असेल तर टर्बोच्या सीलबद्दल विचारा. रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 2000 आरपीएमला पूर्ण पाय दाबा. आरपीएम उसळला आणि वेग जागेवर राहिला, तर क्लच संपलाय, तेवढे पैसे किमतीतून वजा करा. खड्ड्यातून हळू न्या. पुढून टकटक आली तर बुश किंवा लिंक रॉड, त्याला घाबरायचं कारण नाही. आणि दोन्ही चाव्या मागा. फियाटच्या चावीत कोड असतो, एकच चावी असेल तर दुसरी बनवून घेण्यात वेळ आणि पैसे दोन्ही जातात.

पोलो जीटी घ्यावी का अबार्थ, हा प्रश्न कॉमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. पोलोचे पार्ट मिळतात, पण जुनी जीटी टीएसआय ऑटोमॅटिकच आहे, आणि ट्रॅफिकमध्ये तिच्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्सची काळजी लागते. मॅन्युअल हवी असेल तर 2020 नंतरची 1.0 टीएसआय बघा. घरात एकच गाडी असेल तर पोलोच घ्या. घरात दुसरी गाडी असेल, माळ्यावर खोक्याला जागा असेल, आणि शनिवारी सकाळी हात काळे करायला आवडत असतील, तर अबार्थ.