द्राक्षाच्या चोथ्यातला उजेड

नाशिकला द्राक्षाचा सीझन संपत आला की वायनरीच्या मागे हा असा चोथा साठतो, साली, बिया, देठ, आणि तो आंबूस वास. आपण यातल्या फक्त मूठभर साली घेतल्यात, त्यातून चमकणारे कार्बनचे कण करायला.

मिक्सरमधून काढल्या, पाणी घातलं, टेफ्लॉनच्या भांड्यात भरून ते भांडं स्टीलच्या जाड डब्यात आवळलं आणि १८० डिग्रीला ओव्हनमध्ये ठेवलं काही तास. आत भयंकर प्रेशर असतं, त्यामुळे पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. गाळून निघालं ते कोऱ्या चहासारखं पाणी. आता लाईट बंद करा, ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा युव्ही टॉर्च मारा... बघा! निळं!

हे कार्बन डॉट्स, १० नॅनोमीटरपेक्षाही (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लहान कण. २००४ मध्ये अमेरिकेत कार्बन नॅनोट्यूबची (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची) काजळी साफ करताना हे अचानकच सापडले. कार्बन म्हणजे काळा कोळसा असं आपण धरून चालतो ना, म्हणून मला हे दरवेळी नवीन वाटतं.

पण खरी गंमत रंग बदलण्यात आहे. डॉट्स सायट्रिक अॅसिड आणि शेतात टाकतो तो युरिया यांपासूनही होतात; माल तोच ठेवायचा, नुसतं पाण्याऐवजी दुसरं सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) घेतलं तरी रंग निळ्याकडून लालकडे सरकतो, कारण कणाच्या आतली कार्बनची जाळी आणि वर चिकटलेले नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणूंचे गट बदलतात. आणि लालच का हवा? मोबाईलचा टॉर्च तळव्याखाली धरा, आरपार येतो तो लालच. डॉट्सच्या चमकेने शरीराच्या आतलं बघायचं तर निळा कामाचा नाही.

हे डॉट्स एलईडी दिव्यात वापरायचे तर वेगळीच अडचण, पाण्यात झकास चमकणारे डॉट्स सुकवले की एकमेकांना चिकटून विझतात, म्हणून ते पॉलिमरच्या (प्लास्टिकसारख्या) फिल्ममध्ये लांब लांब बसवावे लागतात. पाण्यातलं लोह ओळखायला मात्र हेच विझणं उपयोगी, फेरिक लोह (पाण्यातल्या लोहाचं एक रूप) आलं की चमक उतरते. पण बोअरच्या पाण्यात इतरही बरंच काही असतं, त्यामुळे नुसती चमक उतरली म्हणून लगेच लोह म्हणायचं नाही.

आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, चमकलं म्हणजे डॉट्स झालेच असं नाही! शिजताना छोटे छोटे रेणूही बनतात, तेही निळेच चमकतात. म्हणून डायलिसिसची पिशवी, म्हणजे बारीक छिद्रांची पिशवी साध्या पाण्यात सोडायची, लहान रेणू बाहेर, कण आत. आम्ही रात्रभर ठेवली, सकाळी टॉर्च मारला तर बाहेरचंच पाणी जास्त चमकत होतं. पाणी बदललंय, पिशवी परत आत सोडलीये, उद्या पुन्हा टॉर्च मारायचा.