टॅप 415

(दृश्य: एक्स-रे यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरचं झाकण उघडतं)

मेन बंद आहे, हँडलला कुलूप आहे. चार बोल्ट सुटले की आत हे दिसतं: तांब्याचे वेढे आणि त्यांच्यातून ठरावीक अंतरावर बाहेर काढलेली टोकं. प्रत्येकाशेजारी आकडा. 380, 400, 415, 440, 480. हे टॅप. युरोपात दोन फेजमध्ये 400 व्होल्ट, अमेरिकेतल्या मोठ्या इमारतींत बहुधा 480. तेच एक्स-रे यंत्र दोन्हीकडे चालतं ते या टोकांच्या जिवावर.

(दृश्य: मल्टीमीटर)

लाइनवर 416. म्हणजे 415 च्या टॅपला केबल लावा, पाना फिरवा, झालं! पुष्कळ ठिकाणी काम इथंच संपतं. पण हा आकडा यंत्र निवांत असतानाचा आहे.

(दृश्य: रेकॉर्डरचा पडदा)

आता एक्स्पोजर, म्हणजे फोटो काढायचा क्षण. किरणं तयार करणाऱ्या ट्यूबवर 100 किलोव्होल्ट, करंट 800 मिलिअँपिअर. गुणाकार 80 किलोवॉट, तोही सेकंदाच्या दहाव्या भागापुरता. तेवढ्यात प्रत्येक फेजमधून शंभरावर अँपिअर ओढले जातात. साध्या मीटरला हा झटका पकडता येत नाही, म्हणून रेकॉर्डर. रेघ बघा. 416 वरून थेट 391.

मधले 25 व्होल्ट केबलने आणि इमारतीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने खाल्ले. मग टॅप 400 वर घ्यायचा? मोह होतो. पण मग एक्स्पोजर नसताना, लाइन 416 वर असते तेव्हा, आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर कायमचा जादा दाब. 400 व्होल्ट एसीचे तिथं आधीच सुमारे 565 व्होल्ट डीसी झालेले असतात. लाइनचा अशक्तपणा टॅपने जात नाही.

(दृश्य: जुनं कंट्रोल पॅनल)

जुन्या पॅनलवर त्यासाठी लाइनचा व्होल्टेज दाखवणारा हा काटा असायचा. प्रत्येक फोटोआधी बटण फिरवून तो लाल खुणेवर आणायचा. नव्या यंत्रात हे आपोआप होतं, पण ठरलेल्या मर्यादेतच. किती घट चालेल ते पुस्तिकेत छापलेलं असतं. ते पान बसवणीच्या दिवशी कुणी उघडत नाही.

ट्यूबचे किलोव्होल्ट घसरले की फोटो बिघडतो, पुन्हा काढावा लागतो आणि रुग्णाला किरणं दोनदा.

(दृश्य: भिंतीलगत नवी केबल)

ही जुनीपेक्षा जाड आहे. मुख्य पेटीपासून सरळ इथवर, वाटेत ना लिफ्ट ना एअर कंडिशनर. टॅप तोच, 415.

पुन्हा एक्स्पोजर.

407.