ताप गेला, सांधे धरले

सकाळचे सहा वाजले आहेत आणि परातीतले ज्वारीचे पीठ अजून कोरडेच आहे. ज्या हातांनी वर्षानुवर्षे रोज भाकऱ्या थापल्या, ते हात आत्ता कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवलेले आहेत, कारण उठल्याउठल्या बोटांची मूठ वळत नाही. या घरात चिकुनगुन्या येऊन गेला, त्याला चार महिने होत आले. ताप पाचव्या दिवशीच उतरला होता.

या आजाराच्या नावातल्या 'चिकन'वर जाऊ नये. कोंबडीशी त्याचा काहीही संबंध नाही. १९५२-५३ मध्ये पूर्व आफ्रिकेतील टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियात, ही साथ प्रथम ओळखली गेली, तेव्हा तिथल्या माकोंडे भाषेतील शब्दावरून हे नाव पडले. त्याचा अर्थ साधारणपणे 'वाकवून टाकणारा' असा होतो. ज्यांनी हे नाव दिले, त्यांना तापाहून वाकलेला माणूसच अधिक ठळक दिसला होता.

महाराष्ट्राला हा पाहुणा नवा नाही. १९७३ मध्ये, बहात्तरच्या दुष्काळाच्या पाठोपाठ, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची मोठी साथ आली. त्यानंतर तो जवळपास तीन दशके विस्मरणात गेला आणि २००५-०६ मध्ये असा परतला, की २००६ या एका वर्षात देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. ही नोंद तापाची आहे. त्यांपैकी किती जणांना पुढच्या दिवाळीतही मांडी घालून बसता येत नव्हते, हे त्या आकड्यातून कळत नाही.

रक्तातला विषाणू साधारण आठवडाभरात नाहीसा होतो. तरीही मनगटे, घोटे आणि बोटांची पेरे सुजलेली राहतात, टाच जमिनीला टेकवत नाही, आणि जिना चढताना दम लागण्याआधीच पाय नको म्हणतात. विषाणूशी लढण्यासाठी पेटलेली शरीराची प्रतिकारयंत्रणा लढाई संपल्यावरही पूर्ण शांत होत नाही, हे याचे एक कारण मानले जाते. काही रुग्णांच्या सांध्यांत विषाणूचे अवशेष दीर्घकाळ रेंगाळत असावेत, असेही पुरावे पुढे आले आहेत. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. मात्र दुखणे तीन महिन्यांपलीकडे गेले, तर डॉक्टर त्याला जुनाट अवस्था म्हणतात, आणि ती महिनोन्‌महिने, क्वचित काही वर्षेही टिकते. उतारवय, सांध्यांचे आधीचे दुखणे आणि सुरुवातीच्या दिवसांतील तीव्र वेदना असलेल्यांना हा धोका अधिक असतो. स्त्रियांमध्येही तो जास्त आढळतो.

दुखण्याइतकाच त्रास त्यावर विश्वास न बसण्याचा असतो. अनेकदा एक्स-रे स्वच्छ येतो, ताप मापकात दिसत नाही, आणि मग घरातलेच कोणीतरी म्हणते, 'आता उठून कामाला लागलं, की बरं वाटेल.' थकवा हा आपल्याकडे आजार मानला जात नाही, आळस मानला जातो. बाईचा थकवा तर बहुधा तेवढाही मोजला जात नाही.

यातूनच 'ताकदीचे सलाईन' जन्माला येते. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. त्याने सुजलेल्या सांध्याला बळ येत नाही. त्याहून घातक आहे ते स्टेरॉइडचे इंजेक्शन कुठूनही टोचून घेणे, कारण दोन दिवस बरे वाटते आणि असर ओसरला, की दुखणे पुन्हा उसळते. ताप असताना, डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत, पॅरासिटामॉल सोडून इतर वेदनाशामक गोळ्या टाळायच्या असतात, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पुढे सूज हटेनाशी झाली, तर संधिवाततज्ज्ञाला दाखवावे लागते. क्वचित आमवाताची औषधेही द्यावी लागतात. बाकी उपचार संथ आहेत: सकाळी शेक, सांधे हळूहळू हलवणे, आणि अंगात बळ वाटले त्या दिवशी साठलेली सगळी कामे एकदम न उरकणे. हे शेवटचे पथ्य पाळणे सर्वांत अवघड असते.

घरामागच्या रांजणावर आता घट्ट झाकण आहे. हा रोग पसरवणारा एडीस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो.

नऊ वाजता बोटे थोडी मोकळी होतात. पीठ मळायला सून बसते, थापायला सासूबाई. गेल्या आठवड्यात दुसऱ्या भाकरीला हात थांबला होता. आज तिसरी तव्यावर पडली आहे, आणि चौथीसाठी घेतलेला गोळा त्यांनी परातीच्या कडेला ठेवून दिला आहे.