गिळू नका, चूळ भरा

श्रोतेहो, नमस्कार. तासभर जोर लावून सायकल चालवायला स्नायूंत साठलेलं ग्लायकोजन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, पुरतं. तरीही साखरेच्या पाण्यानं वेग वाढतो, तो कशामुळे? इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी आधी ग्लुकोज थेट शिरेतून देऊन पाहिलं. रक्तातली साखर वाढली, शर्यतीची वेळ होती तिथेच राहिली. मग २००४ साली त्यांनी नऊ सायकलपटूंना माल्टोडेक्स्ट्रिनच्या (स्टार्चपासून बनणाऱ्या कर्बोदकाच्या पावडरीच्या) ६.४ टक्के द्रावणानं नुसत्या चुळा भरायला लावल्या. घोटभरही गिळायचं नाही, थुंकायचं. वेळ सरासरी २.९ टक्क्यांनी घटली!

माल्टोडेक्स्ट्रिनला जवळपास चवच नसते, तेव्हा ही गोडीची करामत नव्हे. २००९ साली मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं, की तोंडात कर्बोदकं येताच बक्षिसाशी आणि हालचालींशी संबंधित भाग जागे होतात. सॅकरिन या कृत्रिम गोडव्यानं तसे होत नाहीत. म्हणून शुगर-फ्री पेय इथे कामाचं नाही.

आता कृती. पाव लिटर पाण्यात १६ ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन. पावडर वजनकाट्यावर मोजा, चमच्याचा अंदाज चुकतो. आधी थोड्या पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. द्रावण त्याच दिवशी बनवा, उरलेलं ओतून द्या. एका चुळीला २५ मिलिलिटर, म्हणजे पाच चहाचे चमचे. पाच ते दहा सेकंद तोंडभर फिरवा आणि थुंका. साधारण दर सात-आठ मिनिटांनी पुन्हा.

पळणाऱ्यांची अडचण वेगळी. दहा सेकंद तोंड बंद ठेवलं की धाप लागते, लय तुटते, ठसकाही लागू शकतो. त्यांनी पाच सेकंदच पुरे मानावेत, आणि ही सवय सरावातच लावून घ्यावी. स्पर्धेच्या दिवशी पहिला प्रयोग नको.

फायदा सर्वांत ठळक दिसतो तो उपाशीपोटी, अर्ध्या ते एका तासाच्या जोरकस व्यायामात. भरपेट न्याहारीनंतर तो कमी होतो, काही चाचण्यांत तर दिसलाच नाही. पहाटे काही न खाता सरावाला उतरणाऱ्यांना किंवा पळताना गोड पेयानं पोट ढवळणाऱ्यांना ही युक्ती खरी उपयोगाची.

पूर्ण मॅरेथॉनला मात्र चूळ पुरणार नाही. तिथे स्नायूंचा साठाच संपत येतो, म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायलाच हवीत. पाणीही वेगळं प्यायचंच. आणि मधुमेही खेळाडूंनो, साखर उतरून हातपाय थरथरू लागले तर चूळ भरत बसू नका. ताबडतोब थांबा आणि ग्लुकोज गिळा.