मालकीच्या रेषेअलीकडे थांबलेले सरकार

नमस्कार श्रोतेहो.

७ ऑक्टोबर २००८ रोजी ब्रिटनचे अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग लक्झेंबर्गमध्ये युरोपीय अर्थमंत्र्यांच्या बैठकीला बसले होते. मध्येच त्यांना रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या अध्यक्षांचा फोन आला. बँकेतून पैसा भराभर बाहेर चालला होता. बँक अजून किती वेळ तग धरेल, असे डार्लिंग यांनी विचारले, तेव्हा दोनएक तास, असे उत्तर मिळाले. ही हकिकत पुढे डार्लिंग यांनीच सांगितली. १७२७ साली स्थापन झालेल्या, आणि ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी ब्रिटनच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाहून मोठा ताळेबंद असलेल्या बँकेचे हे उत्तर होते.

आठवड्याभरात ब्रिटिश सरकारने या बँकेत भांडवल ओतण्याची घोषणा केली आणि पुढील सव्वा वर्षात एकूण ४५.५ अब्ज पौंड ओतले. त्या बदल्यात सरकारकडे बँकेचा ८४ टक्क्यांपर्यंत आर्थिक हिस्सा आला. मंदीत बुडणाऱ्या खासगी कंपनीला सरकारने तारले, तर सरकार तिचे भागीदार होते खरे. पण मालक होते का, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

सुरुवातीला एक शंका दूर करू. सरकारने नुसते कर्ज का दिले नाही, समभाग कशाला घेतले, असे अनेकांना वाटते. हातात रोकड नसली पण धंदा धड असला, तर कर्जाने निभावते. परंतु तोट्याने कंपनीचे स्वतःचे भांडवलच खाऊन टाकले असेल, तर नव्या कर्जाने डोक्यावरचा बोजा तेवढा वाढतो. नेदरलँड्सची एबीएन अ‍ॅम्रो ही बँक २००७ मध्ये दोन भागीदारांसह विकत घेण्याच्या हव्यासात रॉयल बँकेने स्वतःचे भांडवल आधीच क्षीण करून घेतले होते, आणि २००८ च्या वर्षाअखेर तिने २४ अब्ज पौंडांहून अधिक तोटा जाहीर केला. अशा ठिकाणी भांडवलच द्यावे लागते. शिवाय, करदात्याने जोखीम उचलायची आणि बँक सावरल्यावर वाढलेल्या भावाचा लाभ मात्र जुन्या भागधारकांनी घ्यायचा, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. म्हणून समभाग घेणे योग्यच होते, असे माझे मत आहे. माझी तक्रार त्यानंतरच्या वागण्याबद्दल आहे.

आर्थिक हिस्सा ८४ टक्के असला, तरी मतदानाचा हक्क ७५ टक्क्यांच्या आत राहील अशा रीतीने नंतरचे भाग खास प्रकारचे काढण्यात आले, कारण बँक शेअर बाजारात नोंदलेली राहावी अशी इच्छा होती. समभाग सांभाळण्यासाठी यूके फायनान्शियल इन्व्हेस्टमेंट्स नावाची एक स्वतंत्र कंपनी नोव्हेंबर २००८ मध्ये स्थापण्यात आली. मंत्र्यांनी रोजच्या कारभारात हात घालू नये, हा तिचा हेतू होता. हेतू चांगला होता, पण तो पाळला गेला तो सोयीपुरता. २०१२ च्या जानेवारीत बँकेचे मुख्याधिकारी स्टीफन हेस्टर यांना सुमारे ९ लाख ६३ हजार पौंडांचे समभाग बोनस म्हणून मिळणार होते. संसदेत आणि वृत्तपत्रांत एवढा गदारोळ झाला, की त्यांनी तो नाकारला. सरकार मालक आहे याची आठवण त्या आठवड्यात साऱ्यांना झाली. मात्र त्याच काळात बँकेचा एक विभाग अडचणीतल्या लहान उद्योगांना ज्या पद्धतीने वागवत होता, त्याकडे मालकाचे लक्ष कुठे होते? ग्लोबल रिस्ट्रक्चरिंग ग्रुप हे त्या विभागाचे नाव. त्याच्याविषयीच्या तक्रारी २०१३ मध्ये मोठ्या प्रमाणावर उघड झाल्या, आणि नियामकाने करून घेतलेल्या चौकशीत ग्राहकांना अनुचित वागणूक सर्रास मिळाल्याचे निष्पन्न झाले. एका माणसाच्या बोनसवर रान उठले आणि हजारो लहान धंद्यांची दाद उशिरा लागली, कारण बोनसचा आकडा एका ओळीत मावतो आणि धंद्याची परवड मावत नाही.

विक्रीचेही तसेच झाले. सरकारने घेतलेल्या समभागांची सरासरी किंमत, नंतरचे एकत्रीकरण, म्हणजे अनेक समभागांचा मिळून एक करणे, धरून, ५०२ पेन्स होती. बाजारभाव तिथे पोहोचेपर्यंत थांबायचे, की मिळेल त्या भावाला विकून मोकळे व्हायचे, या प्रश्नाचे घोंगडे सात वर्षे भिजत पडले. अखेर ऑगस्ट २०१५ मध्ये पहिला हिस्सा ३३० पेन्सला विकला गेला आणि २०१८ मध्ये पुढचा हिस्सा २७१ पेन्सला. दरम्यान बँकेचे नाव बदलून नॅटवेस्ट झाले, पंतप्रधान पाच-सहा बदलले, आणि शेवटचा सरकारी समभाग ३० मे २०२५ रोजी विकला गेला. दोन तासांच्या प्रश्नाला सुमारे सतरा वर्षांचे उत्तर लागले. एकंदर वजाबाकी सुमारे साडेदहा अब्ज पौंडांची.

अमेरिकेने घाई केली. जनरल मोटर्सने १ जून २००९ रोजी दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि नव्याने उभ्या राहिलेल्या कंपनीचे ६०.८ टक्के समभाग अमेरिकी अर्थखात्याकडे आले. कॅनडाच्या केंद्र आणि प्रांतिक सरकारांकडे ११.७ टक्के, तर निवृत्त कामगारांच्या आरोग्यनिधीकडे १७.५ टक्के गेले. लोकांनी कंपनीचे नाव ‘गव्हर्न्मेंट मोटर्स’ ठेवले. प्रत्यक्षात ओबामा प्रशासनाने आधीच मुख्याधिकारी रिक वॅगनर यांना पायउतार व्हायला लावले होते, आणि नंतर मात्र, संचालकांची निवड व मोठे व्यवहार सोडून आपण कशातही मत देणार नाही, असे धोरण जाहीर केले. डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचे समभाग विकले, तेव्हा ४९.५ अब्ज डॉलरपैकी सुमारे ३९ अब्ज परत आले होते. वजाबाकी इथेही साडेदहाच्या आसपासच आली, फक्त चलन वेगळे. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून कुणी नियम काढू नये. कारण एआयजी या विमा कंपनीत अमेरिकेने शेवटी २२.७ अब्ज डॉलर वर मिळवले, आणि जर्मन सरकारने कोरोनाकाळात घेतलेला लुफ्तान्साचा २० टक्के हिस्सा २०२२ मध्ये विकून ७६ कोटी युरोंचा फायदा केला.

एआयजीची गोष्ट थोडी गमतीची आहे. सप्टेंबर २००८ मध्ये ८५ अब्ज डॉलरच्या कर्जाबरोबर सरकारने घेतलेला हिस्सा ७९.९ टक्के होता, ८० नव्हे. ज्यांना बुडण्यापासून वाचवले, त्यांतील एका मोठ्या भागधारकाने पुढे, सरकारने आमची मालकी बळकावली, म्हणून त्याच सरकारवर खटला भरला. २०१५ मध्ये न्यायाधीशांनी सरकारची ती कृती बेकायदा ठरवली, पण भरपाई शून्य दिली. सरकार आडवे आले नसते तर समभागांची किंमत शून्यच झाली असती, हे त्यामागचे कारण. हा निकालही अपिलात टिकला नाही.

जनरल मोटर्सचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. तिचा तळेगावचा कारखाना २००८ सालीच सुरू झाला, म्हणजे मूळ कंपनी डेट्रॉइटमध्ये गटांगळ्या खात असताना. सरकारी मालकीच्या काळात तो चालू राहिला. अमेरिकी सरकार बाहेर पडल्यानंतर काही वर्षांनी, २०१७ मध्ये, कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले आणि २०२० च्या अखेरीस तळेगावचे उत्पादनही बंद झाले. या बंदीचा दोष त्या सरकारवर टाकता येणार नाही. पण मिशिगनमधील रोजगार वाचवण्यासाठी घेतलेल्या समभागांत मावळातल्या कामगाराचे कधीच कुठे खाते नव्हते, हेही खरे.

आता घरचे उदाहरण. ते मंदीतून नव्हे, तर स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाइल सेवेसाठी सरकारकडून घेतलेल्या लहरींच्या, हप्त्यांतून आणि न्यायालयाने कायम केलेल्या थकबाकीतून आले. व्होडाफोन आयडियाकडील देणे सरकारने २०२३ मध्ये प्रथम समभागांत बदलून घेतले आणि २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटी रुपयांचे देणे तसेच बदलले. सरकारचा हिस्सा झाला ४८.९९ टक्के. भारतातील कंपनी कायद्यानुसार ५१ टक्क्यांपासून पुढे कंपनी ‘सरकारी’ ठरते आणि तिच्या हिशेबतपासणीत महालेखापालांचा अधिकार येतो. त्या रेषेच्या दोन टक्के अलीकडे आपले सरकार उभे आहे. ते सर्वांत मोठे भागधारक असले, तरी कारभार पूर्वीच्याच प्रवर्तकांच्या हाती राहील, असे कंपनीने शेअर बाजाराला कळवले. समभाग दिले गेले दर्शनी किमतीला, दहा रुपयांना, कारण त्याहून कमी भावाने नवे समभाग काढायला कायदा सहसा परवानगी देत नाही. त्या दिवसांत हाच समभाग बाजारात सात रुपयांच्या आसपास मिळत होता.